‘टेपर ऑफ’ म्हणजे नक्की काय करायचे? डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीचे मराठी

ओळ अशी आहे: ‘प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ. रोज. टेपर ऑफ ओव्हर फोर वीक्स. डू नॉट स्टॉप अब्रप्टली.’ रुग्ण सहा आठवडे ही स्टेरॉइडची गोळी घेतो आहे आणि आता घरी निघाला आहे. कार्ड इंग्रजीत आहे. घरच्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मराठी प्रत करायची आहे. रुग्ण आणि इस्पितळ नमुन्यादाखल घेतले आहेत, पण ओळ नेहमीची आहे आणि तिचे मराठी करताना होणाऱ्या चुकाही नेहमीच्याच आहेत.

मराठी प्रतीत बहुतेक वेळा उतरते ते असे: ‘चार आठवड्यांत गोळी हळूहळू कमी करून बंद करावी. अचानक बंद करू नये.’ वाचायला सरळ, व्याकरणाने शुद्ध. हे वाक्य घेऊन घरी गेलेला माणूस मात्र निदान चार वेगवेगळ्या गोष्टी करू शकतो. पहिला आठवडा रोजच्या चारही गोळ्या (५ मिग्रॅ.च्या चार म्हणजे २०) घेऊन दुसऱ्या आठवड्यात एकदम एकीवर येईल. रोजच्या चार तशाच ठेवून एक दिवसाआड घेईल. तीन आठवडे काहीच न बदलता चौथ्या आठवड्यात सगळे उरकेल. किंवा दोनवर येऊन तिथेच थांबेल, कारण ‘कमी’ तर झाली. चौघांनाही आपण लिहिलेले पाळले असेच वाटेल, आणि डॉक्टरांच्या मनातले यांतले एकानेही केले नाही. दोष वाचणाऱ्याचा नाही.

आधी शब्द पाहू. ‘टेपर’ हे मूळचे नाम, अर्थ मेणबत्ती. लॅटिनमधल्या पपायरसवरून तो आला असावा असे मानतात, कारण त्या वनस्पतीच्या गाभ्याची वात करीत. पुढे टोकाकडे बारीक होत गेलेल्या लांब मेणबत्तीला आणि मग तशा आकारालाच टेपर म्हणू लागले. मराठीत या आकाराला नेमका शब्द आहे: निमुळता. गाजर निमुळते असते, बैलाचे शिंग निमुळते असते. शब्दकोशात ‘टेपर’समोर पहिला अर्थ हाच मिळतो आणि घाईतल्या भाषांतरात ‘डोस निमुळता करा’ असे येते. ते टाकाऊच आहे. पण आकाराचे चित्र टाकू नये, कारण पुढचा सगळा अर्थ त्या चित्रात आहे: जाड टोक ठरलेले, बारीक टोक ठरलेले, मधली लांबी ठरलेली, आणि मध्ये कुठेही तुटलेली कड नाही.

हे चित्र ज्यांच्या हातात रोज असते ते म्हणजे लेथवर, धातू गोल फिरवून कापायच्या यंत्रावर, काम करणारे. भोसरी, सातपूर किंवा इचलकरंजीच्या वर्कशॉपमध्ये ‘टेपर’ हा मराठीच शब्द आहे. १:२० टेपर पाडायचा म्हणजे २० मिमी लांबीला व्यास १ मिमीने उतरायचा. १०० मिमी लांबीचा जॉब, म्हणजे कापायला घेतलेला तुकडा, ३० मिमी व्यासापासून २५ मिमीवर येतो. तिथे कोणी ‘हळूहळू बारीक कर’ असे सांगत नाही. मोठा व्यास, लहान व्यास आणि लांबी हे तीन आकडे दिल्याशिवाय ऑपरेटर कामाला हात घालत नाही. नको असलेला टेपरही त्याला कळतो. दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना टोकदार आधार देऊन, धरलेल्या जॉबला टेलस्टॉक (मागचे टोक धरणारा भाग) ०.१ मिमी बाजूला सरकलेला असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्यासात ०.२ मिमीचा फरक पडतो आणि तो म्हणतो, ‘टेपर येतोय.’ डोसच्या बाबतीतही तेच तीन आकडे लागतात: सुरुवात किती, शेवट किती, दिवस किती. कार्डावर तिन्ही आहेत: २०, शून्य, २८. मराठी प्रतीत एकच उरला, चार आठवडे, आणि तोही विभक्तीने बिघडवला.

विभक्तीचे प्रकरण बारीक आहे, पण नुकसान तिथेच होते. इंग्रजीतल्या ‘ओव्हर फोर वीक्स’चा अर्थ चारही आठवडे व्यापून, शेवटच्या दिवसापर्यंत. ‘चार आठवड्यांत’ म्हणजे त्या मुदतीच्या आत, केव्हाही. घरपट्टी महिन्याभरात भरायची असते, ती पहिल्या दिवशी भरली तरी चालते. ‘चार आठवड्यांनी’ म्हणजे चार आठवडे उलटल्यावर. तिन्हींत फरक एका प्रत्ययाचा, आणि प्रत्येकाने रुग्ण वेगळे काहीतरी करतो. ‘ओव्हर’साठी मराठीत प्रत्यय शोधत बसू नये. ‘पुढचे चार आठवडे’ असे सरळ म्हणावे आणि क्रियापदावर चालू काळाचे ओझे टाकावे: ‘पुढचे चार आठवडे गोळी कमी करत आणायची.’

ते ‘करत आणायची’ ही या प्रकरणातली किल्ली आहे. ‘कमी करा’ ही एकदाच करायची क्रिया आहे. गॅस कमी कर, आवाज कमी कर: बटण फिरवले, काम झाले. म्हणूनच ‘गोळी कमी करा’ वाचून माणूस एकदा कमी करतो आणि आज्ञा पाळली असे समजतो. मराठीकडे पायऱ्यापायऱ्यांची क्रिया दाखवायची सोय संयुक्त क्रियापदात आहे. ‘कमी करत जा’ म्हणजे चालू ठेव, शेवट सांगितलेला नाही. ‘कमी करत न्या’ यात दिशा आली. ‘कमी करत आणा’ यात दिशाही आली आणि पोहोचायचे ठिकाणही आले. ‘टेपर ऑफ’मधल्या ‘ऑफ’ला हे शेवटचे रूप जुळते. अधिक नेमके हवे असेल तर ‘बंद करत आणा’. आणि आपोआप घडणाऱ्या घटीसाठी ‘कमी होत जाणे’ आहे, ते इथे वापरायचे नाही. ‘औषध हळूहळू कमी होईल’ असे लिहिले तर औषधाचा असर ओसरेल, आपल्याला काही करायचे नाही, असा अर्थ निघतो.

‘हळूहळू’ या शब्दाबद्दल थोडे. तो चुकीचा नाही, पण एकट्याने पुरत नाही. हळूहळू जिना उतर म्हटले की वेग कळतो, पायऱ्या किती ते कळत नाही. औषधाच्या सूचनेत पायऱ्याच महत्त्वाच्या असतात. ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द तुलनेने बरा, कारण तो वाचला की ‘टप्पे कोणते?’ हा प्रश्न लगेच येतो.

इंग्रजीत घटण्याची क्रियापदे पुष्कळ आहेत आणि मराठीतही. मराठीची खोड अशी की प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे घटणे आहे. पूर ओसरतो, विहीर आटते, ताप उतरतो, वारा पडतो, राग निवळतो, उत्साह मावळतो, भूक मंदावते, प्रकृती खालावते, बेत बारगळतो, आवाज विरत जातो, आजाराने माणूस खंगतो. ‘ड्विंडल’ला ‘रोडावणे’इतका चपखल शब्द क्वचितच सापडेल: शाळेचा पट रोडावला, माळरानावर माळढोक रोडावले. ‘वेन’ म्हणजे कृष्णपक्षातल्या चंद्राचे घटणे, ‘एब’ म्हणजे ओहोटी, ‘सबसाइड’ म्हणजे सूज उतरणे. पण ही सारी स्वतःहून घडतात. पुराला कोणी ओसरवत नाही, पट कोणी ठरवून रोडावत नाही. टेपर करताना करणारा असतो आणि त्याच्यापाशी आखणी असते. म्हणून डोस रोडावत नाही, ओसरत नाही, आटत नाही. तो कमी करत आणावा लागतो. मराठी लिहिणाऱ्याने सुंदर शब्दाच्या मोहात पडून ‘औषधाची मात्रा ओसरत न्यावी’ असे लिहू नये.

जवळचे नाते आहे ते ‘वीन’शी, म्हणजे बाळाचे अंगावरचे दूध तोडण्याशी. घरातल्या मोठ्या बायकांना हे शिकवावे लागत नाही: आधी दुपारचे पाजणे बंद, काही दिवसांनी संध्याकाळचे, रात्रीचे सगळ्यात शेवटी. एकदम तोडले तर बाळ रडते आणि आईच्या छातीत दूध साठून गाठी होतात, ताप भरतो. घरच्यांना ‘टेपर’ तोंडी समजावताना हा दाखला फार उपयोगी पडतो. फरक एवढाच की तिथे वेळा कमी होतात, इथे प्रत्येक दिवसाची मात्रा.

कमी नक्की काय होते, हा प्रश्न टेपरच्या प्रत्येक वापरात विचारावा लागतो. २०१३ साली याचा धडा अख्ख्या जगाला मिळाला. अमेरिकेची मध्यवर्ती बँक तेव्हा दरमहा ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. २२ मे २०१३ रोजी अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी खरेदीचा वेग पुढे कमी होऊ शकतो असे सूचित केले आणि बाजाराने ‘टेपर’ हा शब्द उचलला. रुपया डॉलरमागे ५५ च्या आसपास होता, तो २८ ऑगस्टला ६८ च्या पुढे घसरला. प्रत्यक्ष टेपर जाहीर झाला डिसेंबरमध्ये: ८५ वरून ७५ अब्ज. म्हणजे खरेदी चालूच, साठा वाढतोच आहे, उतरला तो फक्त वाढीचा वेग. ‘अमेरिका पैसा काढून घेणार’ हा त्याचा अनुवाद नव्हे. ‘खरेदीचा हात आखडता घेणार’ हा नेमका, आणि तो वाक्प्रचार मराठीत तयारच आहे. धावपटूंचा टेपरही असाच: मॅरेथॉनआधीच्या दोन-तीन आठवड्यांत सरावाचे अंतर कमी करत आणतात, वेगवान धावणे थोडे तरी ठेवतात. अंतराऐवजी वेगच कमी केला तर पाय जड होतात.

आपल्या कार्डावर कमी होते ती रोजची मात्रा. दिवस गाळायचे नाहीत. हे का, ते भाषांतर करणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे, नाहीतर तो ‘एक दिवसाआड’ हा अर्थ निघू देईल. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसोल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार करतात, पहाटे-सकाळी सर्वांत जास्त. त्याचे रोजचे प्रमाण साधारण ५ मिग्रॅ. प्रेडनिसोलोनच्या तोडीचे असते. बाहेरून २० मिग्रॅ. मिळू लागले की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला द्यायचा हुकूम थांबवते, आणि काही आठवड्यांत ॲड्रिनल सुस्त पडतात. गोळी एकदम थांबली तर बाहेरचे स्टेरॉइड गेले आणि आतले कॉर्टिसोल अजून सुरू झालेले नाही, अशी रिकामी जागा तयार होते. अंगात त्राण नसणे, मळमळ, उलट्या, उभे राहताच चक्कर, रक्तदाब आणि साखर उतरणे, ही त्याची लक्षणे. ताप किंवा अपघाताच्या वेळी ते जिवावर बेतू शकते. ज्या आजारासाठी गोळी सुरू झाली तोही उसळून येऊ शकतो.

हे झाले आठवडेच्या आठवडे गोळी घेतलेल्यांचे. दम्याच्या झटक्यासाठी पाच-सात दिवस दिलेली गोळी बहुधा ठरलेल्या दिवशी तशीच थांबवतात. ‘स्टेरॉइड कधीच एकदम सोडायचे नाही’ असा सरसकट समज कार्डावरून पसरवू नये. डॉक्टरांनी टेपर लिहिला असेल तिथेच तो मराठीत यावा.

आता पायऱ्या. वेळापत्रक डॉक्टरांनीच ठरवायचे, भाषांतर करणाऱ्याने नव्हे. ‘टेपर ऑफ ओव्हर फोर वीक्स’ एवढेच लिहून आले असेल तर भाषांतर तिथेच थांबवून कार्ड परत पाठवावे आणि पायऱ्या भरून घ्याव्यात. या नमुन्यात डॉक्टरांनी भरून दिल्या त्या अशा: पहिला आठवडा १५ मिग्रॅ., दुसरा १०, तिसरा ५, चौथा अडीच, मग बंद. शेवटची पायरी लहान आहे याकडे लक्ष द्यावे. २० वरून १५ म्हणजे पाव भाग गेला, १५ वरून १० म्हणजे तिसरा भाग, १० वरून ५ म्हणजे निम्मा. आकडा तोच ५, पण शरीराला बसणारा धक्का दर पायरीला मोठा. त्यातच ५ च्या खाली आले की ॲड्रिनलला स्वतः काम सुरू करावे लागते. म्हणून टोक बारीक ठेवतात, मेणबत्तीसारखे. जास्त काळ औषध घेतलेल्यांना खालच्या पायऱ्या महिना-महिना लांबवतात.

मिलिग्रॅम रुग्णाच्या हातात नसतात, गोळ्या असतात. म्हणून प्रत गोळ्यांत लिहायची, आणि गोळी कितीची ते डोक्यावर ठळक लिहायचे. प्रेडनिसोलोन ५, १०, २० मिग्रॅ. अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. दुकानदाराने ५ ऐवजी १० ची पट्टी दिली आणि कागदावर ‘३ गोळ्या’ असेल, तर १५ च्या जागी ३० पोटात जातात. कमी व्हायची गोळी वाढते.

डॉक्टरी लिखाणातला ‘३-०-०’ हा सकाळ-दुपार-रात्रीचा आकडा घरच्यांना कळतोच असे नाही. ‘सकाळी नाश्त्यानंतर ३ गोळ्या एकदम’ असे लिहावे. ‘१/२’ हा अपूर्णांक तर कधीच लिहू नये: हस्ताक्षरात तो ‘१-२’ दिसतो आणि अर्धीच्या जागी एक-दोन गोळ्या जातात. ‘अर्धी’ हा शब्द अक्षरांत लिहावा. अर्धी करायची गोळी मध्ये खाच असलेली आणि साधी हवी. पोटात उशिरा विरघळावी म्हणून विशेष आवरण दिलेली गोळी मोडायची नसते, हे दुकानात घेतानाच पाहावे लागते.

दुरुस्त केलेली मराठी प्रत अशी झाली:

‘ही गोळी एकदम बंद करू नका. पुढचे चार आठवडे ती खाली दिल्याप्रमाणे कमी करत आणून बंद करायची आहे. गोळी ५ मिग्रॅ.ची. रोज सकाळी नाश्त्यानंतर.
पहिल्या सोमवारपासून सात दिवस: रोज ३ गोळ्या.
दुसऱ्या सोमवारपासून सात दिवस: रोज २ गोळ्या.
तिसऱ्या सोमवारपासून सात दिवस: रोज १ गोळी.
चौथ्या सोमवारपासून सात दिवस: रोज अर्धी गोळी.
पाचव्या सोमवारी: गोळी नाही.
एकही दिवस गाळू नका. या काळात ताप आला, उलट्या होऊन गोळी पोटात राहिली नाही, उभे राहताच चक्कर आली किंवा फार थकवा वाटला, तर त्याच दिवशी फोन करा. आपल्या मनाने मागच्या पायरीवर जाऊ नका, पुढच्या पायरीवरही जाऊ नका. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात तर हा कागद दाखवा.’

प्रत्येक सोमवारपुढे पेनाने खरी तारीख घालायची. ‘सोमवार’ नुसता राहिला तर दुसरा कुठला आणि तिसरा कुठला यावर घरात वाद होतो. पूर्ण मसुद्यात ‘हळूहळू’ एकदाही नाही आणि ‘टेपर’ही नाही. तरी सुरुवात किती, शेवट किती आणि दिवस किती, यांतला एकही आकडा गळलेला नाही. उलट, तिथे नसलेल्या पायऱ्या इथे आल्या. मूळ ओळीपेक्षा मराठी कितीतरी पट लांब झाली म्हणून कोणी तक्रार केली तर ती मान्य करू नये. इंग्रजी ओळ डॉक्टरने डॉक्टरसाठी लिहिलेली होती, आणि मधल्या पायऱ्या वाचणाऱ्याच्या डोक्यात असतील असे धरूनच ती आखूड राहिली होती.

टेपर शून्यावर जात नसेल तर क्रियापद बदलते. ‘टेपर टू ५ मिग्रॅ. अँड कंटिन्यू’ असेल तिथे ‘बंद करत आणा’ लिहिणे घातक. तिथे ‘१ गोळीवर आणा आणि पुढे रोज १ चालू ठेवा’ असे हवे. इंग्रजीत फरक ‘ऑफ’ आणि ‘टू’ या दोन चिमुकल्या शब्दांचा आहे, आणि घाईत नेमके तेच नजरेतून निसटतात.

प्रत हाती देण्यापूर्वी ती वाचून दाखवण्याऐवजी विचारून घ्यावी. ‘कळलं ना?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्याऐवजी, ‘काकू, तिसऱ्या सोमवारी सकाळी काकांना काय द्याल?’ काकूंनी कागदावर बोट ठेवून ‘एक’ म्हटले की ती ओळ जमली. त्या ‘एक दिवसाआड’ म्हणाल्या तर कागदात अजून खोट आहे, ती शोधून काढावी.

गोळ्यांचा हिशेबही कागदाच्या खाली लिहून द्यावा, कारण पाळले जाते आहे की नाही हे त्यावरून घरीच कळते. एकूण लागतात २१, १४, ७ आणि साडेतीन, म्हणजे साडेपंचेचाळीस. दहाच्या पाच पट्ट्या घेतल्या तर दुसऱ्या सोमवारी सकाळी २९ गोळ्या उरलेल्या हव्यात, तिसऱ्या सोमवारी १५, चौथ्या सोमवारी ८. आकडा जुळला नाही तर फोन करायचा. आणि ‘पाचव्या सोमवारी: गोळी नाही’ ही ओळ जागा वाचवण्यासाठी कधीही कापू नये. ती नसेल तर पट्टीत गोळ्या दिसतात तोवर अर्धी-अर्धी चालूच राहते. तिच्याखाली आणखी एक ओळ टाकावी: ‘उरलेल्या साडेचार गोळ्या पुढच्या भेटीला येताना सोबत आणा.’